नागपूर ते आइंडहोवन: बॅगा शेवटी भरा, आधी जन्मदाखले काढा

परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं की घरात पहिली चर्चा बॅगांची होते. किती किलो चालतं, कोणता मसाला न्यायचा, लोणचं सांडेल का. ही चर्चा महिना-दोन महिने पुढे ढकला. आधी दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला हातात घ्या. नेदरलँड्समध्ये एका कागदाच्या पोटातून दुसरा निघतो. विवाह दाखल्याशिवाय जोडीदाराचा अर्ज नाही, अर्जाशिवाय व्हिसा नाही, व्हिसाशिवाय तिथली नोंदणी नाही. नोंदणी नाही तर बीएसएन, म्हणजे तिथला नागरिक क्रमांक, नाही, आणि तो नसेल तर पगार, विमा, डॉक्टर सगळंच लोंबकळतं. आम्ही २०२४ च्या दिवाळीनंतर कागदांना हात घातला आणि २०२५ च्या मे महिन्यात आइंडहोवनला उतरलो. हे सगळं त्याच क्रमाने लिहितोय, कारण इथे कामापेक्षा कामांचा क्रमच जास्त छळतो.

जन्मदाखल्याची गंमत अशी की आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे नागपुरात वाढलेल्या, शिकलेल्या माणसाची जन्मनोंद निघते काटोलला, उमरेडला नाहीतर वर्ध्याला. नागपूर महापालिकेच्या खिडकीवर उभं राहण्याआधी आईला विचारा की जन्म नेमका कुठल्या दवाखान्यात झाला. दाखला त्याच गावच्या नगरपरिषदेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून मिळतो. जुन्या दाखल्यांत हमखास दोन उणिवा असतात: मजकूर फक्त मराठीत, तोही हाताने लिहिलेला, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी, कारण नोंद बारशाच्या आधीच झालेली. शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची ओळखपत्रं जोडून नाव आधी चढवून घ्या, मगच मराठी-इंग्रजी मजकुराची संगणकीय प्रत काढा. नोंदच सापडली नाही तर प्रकरण लांबतं. जन्मानंतर वर्ष उलटलेली नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. तो आदेश काढायला किती वेळ जाईल ते धरूनच नोकरीवर रुजू होण्याची तारीख कंपनीला कळवा.

दाखला हातात आला की पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं, वडिलांच्या नावात एकीकडे ‘राव’ आणि दुसरीकडे नाही, ‘सुनीता’ची इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी, हे आपल्याकडे घरोघरी असतं. लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हा आणखी एक घोळ. पासपोर्टवर लग्नाआधीचंच नाव असेल तर निघायच्या तोंडावर ते बदलू नका. कायद्याने तशी सक्ती नाही, आणि बदललेल्या नावामागे आधार, पॅन, बँक सगळ्यांना धावावं लागतं. नाव आधीच बदललेलं असेल तर जन्मदाखला आणि पासपोर्ट यांना जोडणारा पूल म्हणजे विवाह दाखला. म्हणून त्यावर लग्नापूर्वीचं पूर्ण नाव स्वच्छ आणि बिनचूक असलंच पाहिजे.

विवाह नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली होते. नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. नवरा किंवा बायको ज्या झोनमध्ये राहते तिथे अर्ज करायचा. नमुना ‘ड’, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. गुरुजींची सही बहुतेकांच्या ध्यानात नसते आणि ऐनवेळी ते दुसऱ्या गावी कुणाच्या तरी लग्नात असतात, तेव्हा अर्ज घरीच भरून ती आधी घेऊन ठेवा. लग्नाला काही वर्षं झाली असली तरी नोंदणी होते, शुल्क थोडं वाढतं इतकंच. दाखल्याच्या दोन मूळ प्रती मागा आणि इंग्रजी मजकूर आहे ना ते खिडकी सोडायच्या आत बघा. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन किंवा डच सोडून दुसऱ्या भाषेतला कागद दिला तर तिकडे शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर करून घ्यावं लागतं, आणि त्याचे पैसे युरोत मोजावे लागतात.

यापुढची पायरी अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन. भारत २००५ मध्ये हेग कराराचा सदस्य झाला आणि नेदरलँड्स आपलं अपोस्टिल मानतं, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. जन्म आणि विवाहाच्या कागदांवर आधी राज्याच्या गृह विभागाची साक्ष होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर लागतं. स्टिकरचं सरकारी शुल्क कागदामागे फक्त ५० रुपये. बाकी जे द्यावं लागतं ती जमा करणाऱ्या एजन्सीची फी, कुरिअर आणि एजंटची मेहनत. नागपुरात हे काम करणारे बरेच जण आहेत. त्यांना दोनच प्रश्न विचारा: कागद गृह विभागाकडून जाणार की उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडून, आणि प्रवासात मूळ कागद हरवला तर जबाबदारी कोणाची? दुसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याला नमस्कार करून पुढच्याकडे जा. आणि दाखले लॅमिनेट करू नका. शिक्का आणि स्टिकर कागदाच्या मागच्या बाजूला लागतात, प्लास्टिकवर लागत नाहीत. हौसेने लॅमिनेट केलेला दाखला म्हणजे नवी प्रत काढायची आणि सगळी रांग पुन्हा लावायची.

कागद तयार झाले की पुढचा अर्ज कंपनी करते. तिथल्या इमिग्रेशन खात्याला आयएनडी म्हणतात. कंपनी त्यांच्या मान्यताप्राप्त यादीत असेल तर कर्मचारी आणि जोडीदार या दोघांचे अर्ज एकदमच जातात आणि निर्णय काही आठवड्यांत येतो. या काळात जिवाची नुसती उलाघाल होते. राजीनामा द्यायचा की नाही, घरमालकाला सांगायचं की नाही. मंजुरीचं पत्र येईपर्यंत दोन्ही करू नका. पत्र आल्यावर एमव्हीव्ही नावाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवून घ्यायचा. आम्ही त्यासाठी मुंबई धरली. रात्री दुरांतोत बसलं की सकाळी सीएसएमटी. स्टिकरची मुदत ९० दिवसांची असते, त्यामुळे विमानाची तारीख आधी ठरवा आणि कोणत्या दिवसापासून स्टिकर हवं ते अर्जात तसंच लिहा.

आता बॅगा. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे आणि खव्याचं काहीही घरीच राहू द्या, संत्र्याची बर्फीसुद्धा. केळी, अननस, नारळ, खजूर असे मोजके अपवाद सोडले तर ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे खरीखुरी नागपुरी संत्रीही नाहीत. कोरडे मसाले चालतात. इतवारीतून भिवापुरी तिखट आणि गोडा मसाला घ्या. डाळी न्यायची गरज नाही, तूर आणि हरभरा आइंडहोवनच्या भारतीय दुकानात मिळतात. वजन खर्चायचंच तर कुकरवर खर्चा. तिथे बहुतेक स्वयंपाकघरात इंडक्शन असतं आणि ॲल्युमिनियमचा नेहमीचा कुकर त्यावर ढिम्म तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतं तोच घ्या. लोखंडी तवा मात्र मस्त चालतो. मिक्सरचं व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, पण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही. विमानतळावरचे स्वस्त अडॅप्टर बऱ्याचदा अर्थिंगविना असतात. साडेसातशे वॅटचा मिक्सर त्यावर चालवू नका, तिथे गेल्यावर प्लगच बदलून घ्या. दात आणि चष्म्याची कामं नागपुरातच उरका. प्रौढांच्या मूळ विम्यात तिथे दोन्ही नसतात. मोबाइलचं भारतीय सिम रोमिंग चालू करून न्या, नाहीतर बँकेचे ओटीपी अडकतात. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करण्यासाठी बँकेत अर्जही याच दिवसांत द्या.

घर शोधताना पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, या पत्त्यावर नोंदणी करता येईल का हा असतो. नाही म्हणाले तर घर कितीही देखणं असो, सोडून द्या. पहिले काही आठवडे अल्पमुदतीचं घर घेणार असाल तरी हाच प्रश्न विचारा. पगार भाड्याच्या तिप्पट असावा अशी अट बहुतेक ठिकाणी भेटते. अनामत रकमेला १ जुलै २०२३ पासून दोन महिन्यांच्या मूळ भाड्याची कायदेशीर मर्यादा आहे. दीड हजार युरोचं घर धरलं तर पहिल्या महिन्याच्या भाड्यासह किल्ली हातात पडायच्या आधी साडेचार हजार युरो जातात. तेवढी रक्कम नागपूरहून निघतानाच तयार हवी. घर प्रत्यक्ष किंवा विश्वासू माणसाच्या व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय छदाम देऊ नका. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा मालक हा मालक नसतो.

जाहिरातीत घरांचे तीन प्रकार असतात. खेम्यूबिलेर्ड म्हणजे सामानासकट. खेस्टोफेर्ड म्हणजे जमिनीवर लॅमिनेट किंवा कार्पेट आणि खिडक्यांना पडदे. तिसरा प्रकार नुसत्या घराचा, आणि नुसतं म्हणजे अक्षरशः नुसतं. दार उघडलं की पायाखाली उघडा सिमेंटचा कोबा, छतातून लोंबणाऱ्या दोन वायरी, पडद्याच्या दांडीची नुसती भोकं. भाडं कमी दिसतं ते म्हणून. आधीचा भाडेकरू कधी कधी त्याची जमीन, पडदे आणि कपाटं ठरावीक किमतीला विकून जातो. वस्तू बऱ्या असतील तर हा सौदा फायद्याचा, फक्त काय काय ठेवणार याची फोटोंसह यादी लिहून घ्या. किल्ली घेतल्या दिवशी वीज, गॅस आणि पाण्याच्या मीटरचे आकडे दिसतील असे फोटो काढा. वीजपुरवठादार आपणच निवडायचा असतो. दर महिन्याला अंदाजे हप्ता जातो आणि वर्षाखेरीस हिशेब होतो. सुरुवातीचा आकडा चुकला तर आधीच्या माणसाची वीज आपल्या माथी बसते. आणखी एक गोष्ट: घराच्या प्रत्येक राहत्या मजल्यावर स्मोक डिटेक्टर बंधनकारक आहे. ओट्यावरची चिमणी न लावता भिवापुरी तिखटाची फोडणी दिली तर पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांशी ओळख होते.

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने पोचल्यापासून पाच दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. नोंदणी खेमेंतेत होते, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत. वेळ मात्र आधीच घ्यावी लागते आणि ती लगेच मिळत नाही, म्हणून नागपुरातून निघण्याआधीच नोंदवून ठेवा. कंपनीमार्फत आलेल्यांना आइंडहोवनच्या एक्स्पॅट सेंटरमध्ये नोंदणी आणि रेसिडेन्स कार्ड ही कामं एका भेटीत करता येतात. अपोस्टिल केलेले तिन्ही मूळ दाखले, पासपोर्ट आणि भाडेकरार जवळ ठेवा. दाखल्यांना लावलेली पिन काढून झेरॉक्स मारू नका. जोडीदाराच्या कार्डाच्या मागे काम करण्याची मोकळीक छापलेली असते. वेगळा परवाना लागत नाही, ते वाक्य नोकरी शोधताना दाखवा. भारतीय नागरिकांना तीन महिन्यांच्या आत क्षयाची तपासणीही करावी लागते. छातीचा एक्स-रे असतो, पाच मिनिटांचं काम.

बीएसएन मिळाला की त्याच आठवड्यात तीन गोष्टी: बँक, डिजीडी आणि विमा. डिजीडी ही सरकारी कामांची ऑनलाइन चावी. तिचा कोड घरच्या पत्त्यावर टपालाने येतो आणि त्याला मुदत असते. टपाल हा तिथल्या कारभाराचा कणाच आहे. निळं पाकीट आलं तर ते कर खात्याचं. डच वाचता येत नाही म्हणून बाजूला ठेवू नका, मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून त्याच संध्याकाळी वाचा. ज्या वर्षी देशात आलात त्या वर्षाचं विवरणपत्र वेगळं असतं, त्याला एम फॉर्म म्हणतात.

आरोग्य विमा चार महिन्यांत घ्यायचा असतो. चौथ्या महिन्यापर्यंत थांबलं तर पैसे वाचतील असं वाटत असेल तर ते खोटं आहे, कारण हप्ता पहिल्या दिवसापासून मागे जाऊन लागतो. दोघांचा विमा वेगवेगळा, २०२५ मध्ये प्रत्येकी महिना दीडशे युरोच्या आगेमागे. अठराखालच्या मुलांचा फुकट. वर्षाला उपचारखर्चाचे पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून जातात. फॅमिली डॉक्टरची भेट त्यात मोजत नाहीत, पण त्याने लिहून दिलेली रक्ततपासणी मोजतात.

या फॅमिली डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हणतात. नागपूरकराला सगळ्यात जड जाते ती हीच व्यवस्था. आपण धंतोलीत किंवा रामदासपेठेत थेट तज्ज्ञाच्या दारात जातो आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन घरी येतो. तिथे हाउसआर्ट्सच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ भेटत नाही, आणि हाउसआर्ट्सच्या आधी फोनवर त्याची सहायक भेटते. ताप किती, किती दिवसांपासून, लघवी होते का, श्वास लागतो का, पॅरासिटामॉल किती घेतली, हे सगळं ती विचारणार. उत्तरं आकड्यांत द्या. ‘खूप ताप आहे’ म्हटलं तर पॅरासिटामॉल घ्या आणि थांबा एवढंच ऐकायला मिळतं. ‘तीन दिवस १०३’ हे तिला फॅरनहाइटमध्ये कळत नाही, ३९.४ सांगा. घरात सेल्सिअसचा थर्मामीटर हवाच. बरेच दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत, म्हणून आजारी पडायची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात नाव नोंदवा. चालू औषधांची मूळ नावं, म्हणजे ब्रँडची नव्हे, नागपूरच्या डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून न्या. रात्री-सुट्टीच्या दिवशी वेगळं केंद्र असतं. जिवावरचं असेल तर ११२.

बाजारहाट लवकर अंगवळणी पडतो. बाटल्या-कॅन फेकू नका: लहान बाटलीवर आणि कॅनवर १५ सेंट, मोठ्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की पावती निघते. कचऱ्याचे चार-पाच प्रकार आणि त्यांचे वार ॲपवर दिसतात. रेल्वेत बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं, पण उतरताना पुन्हा टेकवायला विसरलात तर २० युरो जातात. सायकल जुनी घ्या आणि कुलपं दोन लावा, कारण एका कुलपाची सायकल फार काळ आपली राहत नाही. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग टोक तुमच्याकडे करून आली तर थांबायचं तुम्ही. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला सगळ्या गावात भोंगा वाजतो. ती चाचणी असते. नागपूरला फोन चालू असेल तर तिकडचे मात्र घाबरतात. घड्याळाचं म्हणाल तर हिवाळ्यात साडेचार तासांचं आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर.

शेवटी वाहन परवाना, कारण त्याचा धागा करसवलतीत अडकलेला आहे. भारतीय परवान्यावर नोंदणीपासून १८५ दिवस गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, तीही महागडी. अपवाद एकच: ज्यांना परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांसाठीची तीस टक्के करसवलत मिळाली आहे ते आणि त्यांच्यासोबत राहणारे कुटुंबीय परीक्षेविना परवाना बदलून घेऊ शकतात. ही सवलत २०२५ मध्ये साधारणपणे वार्षिक करपात्र पगार किमान ४६,६६० युरो असलेल्यांना मिळत होती, आणि ती कंपनीसोबत मिळून मागावी लागते. रुजू झाल्यापासून चार महिन्यांत अर्ज गेला तर पहिल्या दिवसापासून लागू, उशीर झाला तर मधले महिने बुडाले. कंपनीचा एचआर करेलच असं धरू नका, तारीख विचारून घ्या. मंजुरीचं पत्र आलं की आरोग्याची प्रश्नावली ऑनलाइन भरायची, तिथल्या नियमाचा फोटो काढायचा आणि मूळ परवाना खेमेंतेत जमा करायचा.

इथे एक बारीक अट आहे. परवाना ज्या वर्षी मिळाला त्या वर्षी तुम्ही त्या देशात किमान १८५ दिवस राहिलेले असले पाहिजेत. म्हणून मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण निघण्याआधीच नागपूरच्या आरटीओत करून घ्या. सुट्टीवर येऊन केलं तर नव्या तारखेवरून प्रश्न उभे राहतात. सारथी या परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर आपली नोंद दिसते का तेही तेव्हाच बघा, जुन्या पुस्तकी परवान्यांची बऱ्याचदा दिसत नाही. मूळ परवाना परत मिळत नाही, तेव्हा रंगीत प्रत काढून ठेवा. डच परवाना आल्यावर नागपूरला येऊन वर्धा रोडवर गाडी चालवायची असेल तर निघण्याआधी तिथल्या एएनडब्ल्यूबी या वाहनधारकांच्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यायचा.